केशरी शालीचं व्याख्यान

थेओक्लीस अथेन्सच्या बाजारातल्या ओवरीत रोज संयम शिकवत असे. पण धुतलेलं उपरणं वाळेपर्यंत थांबणं काही त्याला जमेना. उपरणं एकच. त्यात आज प्रेम आणि संयम या विषयावर व्याख्यान होतं आणि शहरातली बडी मंडळी ऐकायला यायची होती.

"जरा दम धरा, ऊन चांगलं आहे," असं म्हणून त्याची बायको निकारेटे पाण्याला गेली.

तिची पाठ वळताच त्याने उपरणं शेगडीवर धरलं. आधी वाफ निघाली, मग धूर, आणि मधोमध एवढं भोक पडलं की त्यातून डोकं आरपार गेलं असतं. उघड्या अंगाने व्याख्यान देणं बरं दिसलं नसतं. मग त्याने बायकोची केशरी शाल ओढली, अंगाभोवती लपेटली आणि ती परतायच्या आत पळ काढला.

ओवरीत सगळे शालीकडेच बघत राहिले. शेवटी फानियास नावाच्या थोराड शिष्याने अदबीने अर्थ विचारला. थेओक्लीसने घसा साफ केला. बायकोचं वस्त्र दिवसभर अंगावर वागवावं, लोक हसले तरी सोसावं, म्हणजे प्रेम आणि संयम एकदमच मुरतात, असं त्याने ठोकून दिलं. शिष्य भारावून गेले. घरी निकारेटेने जळकं उपरणं नुसतं त्याच्यासमोर धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात शिष्यांच्या बायकांचा घोळका. शिष्यांनी त्यांच्या सणासुदीच्या शाली पळवल्या होत्या. फानियास तर शाल घेऊन थेट तालमीत उतरला होता.

"मी घरी नाही म्हणून सांग," म्हणत थेओक्लीस रांजणाआड बसला.

निकारेटे बाहेर गेली. आधी आरडाओरडा ऐकू आला, मग तिचा एकटीचा आवाज, मग हशा. दुपार टळली तरी ती आत येईना. भुकेने कासावीस होऊन त्याने फटीतून पाहिलं. बायका ऐसपैस बसल्या होत्या आणि त्यांच्या मागे त्याचे सगळे शिष्य कान देऊन ऐकत होते.

ती आत आल्यावर त्याने विचारलं, "एवढा वेळ काय सांगत होतीस?"

"नवऱ्याला कसं सांभाळून घ्यायचं, तेवढंच. उद्या परत येणार आहेत."

"आणि माझं व्याख्यान?"

"फानियास विचारत होता, उद्या तुम्ही येणार असाल तर पुढे जागा धरून ठेवू का म्हणून."