नलूआत्याचा अनंत

झाडांतलं मला कळतं! ही बढाई नव्हे, आमच्या घराण्यात हे मान्य झालेलं आहे. कुणाच्याही लग्नात हारातली जाई कुठली आणि जुई कुठली, हे मी भर पंगतीत ओरडून सांगतो आणि लोक मुकाट्याने जेवत राहतात. म्हणूनच गिरगावातली चाळ पाडायची ठरली, तेव्हा नलूआत्याने पहिला फोन मला केला.

"शंतनु, ये रे लगेच. ह्यांचा अनंत तेवढा ओळखून दे!"

'हे' म्हणजे रमाकांत आतोबा. वर्ष व्हायला आलं होतं त्यांना जाऊन. त्यांनी गॅलरीत दोन कुंड्या जोपासल्या होत्या, एकीत अनंत, दुसरीत डबल तगर. दोघांची पानं चकचकीत हिरवी, दोघांची फुलं पांढरी, भरगच्च. पण अनंताचा वास जिन्यापर्यंत यायचा, तगरीला तो जेमतेमच. बहर असला की आतोबा रोज सकाळी अनंताचं फूल आत्याच्या हातात आणून द्यायचे. झाडाकडे ती स्वतः कधी गेलीच नाही. आता परळच्या भाड्याच्या खोलीत एकच कुंडी मावेल, असं तिची सून मनवाने जाहीर केलं होतं. शिवाय न्यायला सोपं पडावं म्हणून दोन्ही झाडं छाटून पार बोडकी केली होती. फूल नाही, कळी नाही!

"सोप्पं आहे!" मी म्हणालो. "पान तोडायचं. पांढरा चीक आला की तगर, नाही आला की अनंत!"

"हात लावू नकोस!" आत्या किंचाळली. "दिवेलागण झाली. झाडं झोपली आता!"

"अगं, एकच पान..."

"ह्यांनी कधी तिन्हीसांजेला झाडाला बोट लावलं नाही, आणि तू पान ओरबाडतोस?"

खाली टेम्पोवाला हॉर्न बडवत होता. आत्याचा मुलगा अनिश म्हणाला, "दादा, तू एक्स्पर्ट ना? नुसतं बघून सांग की!"

झालं! मी चष्मा पुसला, दोन्ही कुंड्यांभोवती मोठ्या डॉक्टरासारखा फिरलो आणि डावीकडच्या कुंडीवर बोट ठेवलं. "हाच अनंत. शंभर टक्के!"

मोतीबिंदूच्या डोळ्यांनी आत्या त्या कुंडीकडे अशी बघत राहिली, की मलाही माझं पटलं.

दुसऱ्या दिवशी परळला गेलो आणि सहज एक पान तोडलं. दुधाची पिशवी फुटावी तसा चीक आला!

तसाच टॅक्सी करून गिरगावात पळालो. गॅलरीच नव्हती! कामगारांनी सकाळीच घाव घातले होते आणि उजवीकडची कुंडी विटांच्या ढिगाखाली गेली होती. मुकादम म्हणाला, "काय साहेब, सोनं राहिलं काय?" मी नाही म्हणालो. खरं तर तिथेच बसून रडावंसं वाटत होतं.

आत्याला सांगायचं मी रोज ठरवत होतो. पण ती कुंडीशेजारी खुर्ची टाकून आतोबांशी बोलत बसलेली असायची. तिच्यासमोर तोंड कसं उघडणार? त्यात वर्षश्राद्धाच्या आठवड्यात झाडाला कळी आली!

"हंगाम नसताना!" आत्या डोळे पुसत म्हणाली. "ह्यांनीच पाठवली रे! फोटोला वाहायच्या आधी मी वास घेणार."

माझं धाबं दणाणलं. दादरच्या फुलबाजारात अनंत मागितला, तर फुलवाली हसली. "आत्ता? पावसाच्या टायमाला या!" शेवटी अत्तराचं दुकान गाठलं. अनंताचं अत्तर नव्हतं, म्हणून मोगऱ्याचं घेतलं. श्राद्धाच्या सकाळी फुलावर एकच थेंब टाकायला गेलो आणि अर्धी कुपी उपडी झाली!

खोली घमघमली. गुरुजी मंत्रागणिक शिंकायला लागले. कावळ्याचं पान गच्चीवर मीच नेऊन ठेवलं, त्याच हातांनी. कावळा आला, मान वाकडी करून त्याने भाताकडे पाहिलं आणि उडून गेला!

"बाबा, आईला परत गिरगावात नेईन!" अनिशने हात जोडले. कावळा समोरच्या टाकीवर ढिम्म.

"त्यांची इच्छा कुठली राहिली, ते मला ठाऊक आहे," आत्या हळूच म्हणाली आणि मला खाली स्वयंपाकघरात घेऊन गेली. फूल तिच्या मुठीत होतं.

"शंतनु, करोनात माझं नाक गेलं. कसलाच वास येत नाही. फक्त ह्यांना माहीत होतं. फूल हातात द्यायचे आणि आज वास कसा आहे, ते मला सांगायचे. आता कोण सांगणार?" तिने फूल माझ्या नाकाशी धरलं. "तोच आहे ना रे? अनिश मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगेल. तू झाडांतला माणूस. तू खोटं नाही बोलायचास."

"तोच आहे, आत्या," मी म्हणालो.

"मग फूल आलं की येत जा. हे सांगायचे तसं सांगत जा."

मी शब्द देऊन बसलो. म्हटलं, अनंताचा बहर तो केवढा, वर्षातले दोन-तीन महिने! घरी पोचल्यावर आठवलं, कुंडीत तगर आहे. आणि तगर, मंडळी, बारा महिने फुलते!