वसंतकाकांचं नाक

वसंतकाका आमच्या घरी आले की आधी त्यांचं नाक आत यायचं, मग ते. दारातच थांबून दोनदा हुंगायचे आणि जाहीर करायचे, "आज आमसुलाचं सार. पण फोडणीत हिंग जरा उशिरा पडलाय." आणि ते खरं असायचं.

काका कलकत्त्याजवळच्या बजबजला तागाच्या गिरणीत माल तपासायला होते. तागाची जुडी पिळायची, हुंगायची आणि तिची प्रत सांगायची, हे त्यांचं काम. लग्न केलं नव्हतं. गिरणीजवळच्या एका खोलीत एकटेच राहत. बाबांची आणि त्यांची ओळख कलकत्त्याला येणाऱ्या गाडीतली. दोघेही नव्या नोकरीवर रुजू व्हायला निघालेले. तेव्हापासून दर शनिवारी काका लोकलने बालीगंजला उतरत आणि आमच्याकडे जेवत.

गिरणीतली भाषा त्यांनी साऱ्या जगाला लावली होती. पुण्याहून गोडा मसाला आला की डबा उघडायचा मान त्यांचा. "माल कोरडा आहे," म्हणाले की आई निर्धास्त. माणसांनाही तोच न्याय. आत्याला बघायला आलेल्या इंजिनिअरच्या जवळून ते उगाचच दोनदा गेले आणि बाबांच्या कानाशी लागले, "माल ओलसर आहे." तो बिचारा बसमध्ये उभा राहून घामाने भिजला होता. आत्याने त्याच्याशीच लग्न केलं आणि पंगतीत काकांना मुद्दाम त्याच्या शेजारी बसवलं. बाजारातला इलिश मासे विकणारा तर काका दिसले की टोपलीवर फडकं टाकायचा.

मी सातवीत असताना त्यांना मोठा ताप आला. महिनाभर दिसले नाहीत. मग पुन्हा येऊ लागले. दारात थांबणं, हुंगणं, सगळं तसंच.

ते गेले तेव्हा मी कॉलेजात होते. स्मशानातून परतून बाबा आंघोळीला गेले, आणि आईने मला जवळ बसवून सांगितलं.

तापानंतरच्या पहिल्याच शनिवारची गोष्ट. मी शाळेत होते, बाबा बँकेतून यायचे होते. काकांना बसवून, दूध शेगडीवर ठेवून आई शेजारी गेली, ती तिथेच बोलत राहिली. परतली तर जिन्यातच करपल्याचा वास. आत काका शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. तिने पातेलं उतरवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. ताप गेला तो वास घेऊनच गेला, म्हणाले. गिरणीत त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. आता त्यांना गुदामाच्या कामावर घातलं होतं. आमच्याकडे सांगायचा मात्र त्यांना धीर होत नव्हता.

"वहिनी, वासच येत नाही म्हटल्यावर मी इथे येऊन करू काय?"

"जेवायचं," आई म्हणाली आणि तिने पान वाढलं.

पुढे सहा वर्षं, काकांची पावलं जिन्यात वाजली की दार उघडायला तीच जायची आणि काय रांधलंय ते हळूच सांगायची. बाबांनाही हे तिने कधी कळू दिलं नव्हतं.

बाबा आंघोळ करून बाहेर आले. आईने त्यांनाही सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते उभ्यानेच ऐकत राहिले. केसांतून पाणी गळत होतं, पंचा हातात होता, पण पुसायचं त्यांना सुचलं नाही.