नव्वदच्या आत

त्या रविवारी सकाळी मी काट्यावर उभा राहिलो, पोटावरून वाकून खाली पाहिलं आणि एक अगदी छोटासा निर्णय घेतला. काट्यावर शहाण्णव होते. ग्रुपवर मी पंचाण्णव लिहिले.

एका किलोचा तर प्रश्न होता. (अंबडच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, तिथे एवढी घट आम्ही गंज धरून सोडून देतो.) शिवाय माझा नाइलाज होता. आमचा 'हलकेफुलके' ग्रुप म्हणजे इंदिरानगरातल्या चार सोसायट्यांमधली झाडून सगळी वजनदार मंडळी. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर एकत्र चालायचं, एकमेकांना सल्ले द्यायचे आणि रविवारी आपापलं वजन ग्रुपवर टाकायचं. ग्रुपच्या प्रमुख तेजस्विनी मॅडम. त्या शाळेत लहान मुलांना शिकवतात, त्यामुळे शाबासकी देणं त्यांच्या अंगवळणीच पडलंय. काट्याचा फोटो मागायचा नाही, कुणी कुणाला टोचून बोलायचं नाही, फक्त धीर द्यायचा, हे त्यांचे नियम. आदल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, "बोराडे सर, उद्या तुमच्याकडून गुड न्यूज हवीच हं!" कित्येक आठवडे मी एकाच आकड्यावर ठाण मांडून बसलो होतो आणि त्याबद्दल मला कुणी एक वाकडा शब्द बोललं नव्हतं. माणसानं सहन तरी किती करायचं?

पंचाण्णव लिहिल्याबरोबर टाळ्या सुरू झाल्या. फुलं आली, फुगे आले. बँकेतले महेश भामरे यांनी लिहिलं, 'सर, तुमच्याकडे बघून आज जिलबीला नाही म्हटलं.' मला भरून आलं. लग्न झाल्यापासून माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. त्या आनंदात योगिनीनं (ही माझी बायको, तीही ग्रुपवर) केलेली थालीपिठं दोन जास्तच गेली.

पुढच्या रविवारी चौऱ्याण्णव लिहावे लागले. एकदा कमी सांगितल्यावर परत जास्त कसे सांगणार? भामऱ्यांनी तिकडे जिलबी खाल्ली असती, पाप मला लागलं असतं. ग्रुपवर मी असा पायरी पायरीनं उतरत गेलो आणि घरच्या काट्यावर सत्त्याण्णवापर्यंत चढलो. मग मी काट्यावर उभं राहणंच सोडून दिलं. काय लिहायचं ते मला आधीच माहीत असे.

असं करत करत एका रविवारी मी लिहिलं, 'एकोणनव्वद.'

स्वयंपाकघरात भांडं पडलं. योगिनी हातात मोबाइल घेऊन धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"खरंच नव्वदच्या आत आलात?"

"हो म्हणजे... काटा तसं म्हणतोय."

"तरी मी शेजारी सांगतच होते, हे हल्ली वाळलेत म्हणून! थांबा, आईला फोन लावते. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. तिनं तुमच्यासाठी नवस बोललाय."

माझ्या सासूबाई गोजराबाई निफाडकडच्या एका खेड्यात असतात. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. अंगानं माझ्यासारखेच. जेवून ओट्यावर टेकले ते उठलेच नाहीत. मी ग्रुपमध्ये शिरलो हे कळल्यावर सासूबाई तडक देवीच्या देवळात गेल्या आणि म्हणाल्या, जावई नव्वदच्या आत आले की त्यांची गुळानं तुला करीन. तोवर पायात चप्पल घालणार नाही.

"म्हणजे आई इतके दिवस..."

"अनवाणी. शेतात, बाजारात, लग्नाला, सगळीकडे."

माझ्या पोटात खड्डा पडला. (पोटाला त्याचा काही उपयोग झाला नाही.) बाहेर फाल्गुनातलं ऊन रस्ता भाजत होतं. तेवढ्यात योगिनीनं फोन माझ्या कानाला लावला.

"जावईबापू, जिकलं तुम्ही!"

"आई, आधी चप्पल घाला. आत्ताच्या आत्ता. ते तुलेचं राहू द्या."

"आसं कसं? देवीला शबुद दिलेला हाय. चैतात जत्रा हाय, त्या दिशी तुला करायची, मंगच चप्पल." त्यांचा आवाज बारीक झाला. "ह्यांच्या बारीला मला काय सुचलंच नाय बघा. तुमच्या बारीला देवीनं ऐकलं."

खरं सांगायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलं.

"आई," मी म्हणालो, "गूळ चांगला बघून घ्या."

जत्रेला तीन आठवडे होते. तेवढ्यात खरोखरचे आठ किलो घालवायचे, म्हणजे कुणाला काही कळायला नको, असा मी बेत केला. ग्रुपवर विचारलं, 'अजून थोडं कमी करावं म्हणतो.' सल्ल्यांची रीघ लागली. मी दुधीचा रस प्यायलो. जिऱ्याचं पाणी प्यायलो. रात्रीचं जेवण बंद केलं. पण मला काळजी लागली की भूक लागते, हे माझं लहानपणापासूनचं आहे, आणि आता तर काळजीला सीमाच नव्हती. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी पाठमोरा बसून वडे खाल्ले. एकदा खाताना सासूबाईंचे पाय डोळ्यांसमोर आले आणि घास घशात अडकला. तो खाली उतरावा म्हणून आणखी एक वडा घ्यावा लागला.

इकडे तेजस्विनी मॅडमनी जाहीर केलं की अख्खा ग्रुप तुलेला येणार. टेम्पो ट्रॅव्हलर ठरली. माझा फोटो आणि 'आमचे प्रेरणास्थान' असं लिहिलेला बॅनर छापून आला. फोटो माझ्या लग्नातला होता.

जत्रेच्या चार दिवस आधी मेहुण्याचा, सनीचा, फोन आला. "भाऊजी, दहा-दहा किलोच्या नऊ ढेपा सांगितल्यात. वर एक भेली देवीसाठी. एकोणनव्वदच ना नक्की?"

"सनी, दोन-तीन ढेपा जास्तच सांग ना. प्रसाद कमी पडायला नको."

"नको भाऊजी, उगं जास्त टाकला तर पारडं धाडकन वर जायाचं अन् तुम्ही पडायचे. आई म्हणती, जेवढं वजन तेवढाच गूळ. देवीपुढं खोटं नको."

शेवटचं वाक्य मला दिवसभर पुरलं.

जत्रेच्या दिवशी मी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही आणि अंगावर सगळ्यात पातळ सदरा चढवला. देवळापुढे लोखंडी तिकाटणं उभं करून त्याला कांद्याच्या खळ्यावरचा जुना काटा टांगला होता. दोन्ही पारडी चांगली खाटेएवढी. भोवती गाव लोटलं होतं. फरशी अशी तापलेली की लोक बूट घालूनही पाय बदलत होते. सासूबाई मात्र त्याच फरशीवर अनवाणी उभ्या होत्या. काखेत एक कापडी पिशवी. "चपला हायत," त्या मला हळूच म्हणाल्या. "तुम्ही उतरले की लगीच घालते."

पारड्यात बसण्याआधी जावयाचा मान झाला. चुलतसासऱ्यांनी फेटा बांधला. कुणी टॉवेल दिला, कुणी नारळ, कुणी उपरणं. प्रत्येक नारळासरशी माझं काळीज खाली जात होतं. शेवटी मी तो सगळा मान मांडीवर घेऊन पारड्यात बसलो. पारडं जमिनीला टेकलेलं होतं.

सनीनं समोर ढेपा लावायला सुरुवात केली. एकेक ढेप पडली की वाजंत्री वाजे. नववी ढेप पडली. वाजंत्री थांबली. सगळे माझ्या बुडाकडे बघू लागले.

पारडं हललं नाही.

सनीनं देवीची भेली ठेवली. पारडं हललं नाही.

"काटा आडकला का काय," म्हणत देवळाचा गुरव लहानू यानं कड्यांमध्ये तेल सोडलं. काहीही झालं नाही.

"नारळ काढा मांडीवरचे!" कुणीतरी ओरडलं. नारळ काढले. उपरणं, टॉवेल, फेटा उतरवला. मोबाइल, पाकीट, पट्टा गेला. (पट्टा गेल्यावर मी एका हातानं पँट धरून बसलो.) मी श्वास सोडला. पारडं ढिम्म.

"बोराडे सर, घाबरू नका!" गर्दीतून तेजस्विनी मॅडम ओरडल्या. "पॉझिटिव्ह विचार करा! तुम्ही करू शकता!" मागून अख्खा ग्रुप टाळ्या वाजवायला लागला. बसल्या जागी मी नेमकं काय करावं अशी त्यांची अपेक्षा होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

कुजबुज वाढली. एक म्हातारा म्हणाला, "तुला आर्धी ऱ्हायली तर वंगाळ आसतं." मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना माझी शंका आलीच नव्हती. आपल्याच नवसात काही कमी पडलं असं त्यांना वाटत होतं. "देवी कोपली का गं?" त्या योगिनीला विचारत होत्या.

सासूबाईंच्या शेजारच्या नवसाबाई पुढे झाल्या. "कोपायचं काय त्यात? गूळ कमी पडला. आणा गं बायांनो, ज्याच्या घरी आसंल तेवढा!"

आणि बाया धावल्या. डब्यातला, फडताळातला, कुणी चहापुरता ठेवलेला, कुणी बाळंतिणीसाठी आणलेला. गूळ येत गेला, पारड्यात पडत गेला. एकीनं शेंगदाण्याची चिक्की आणली. ती चालते की नाही यावर लहानू गुरवानं क्षणभर विचार केला आणि "घाला," म्हणाला. चिक्की पडली आणि माझं पारडं डुगडुगत उचललं गेलं. वाजंत्री सुटली. भंडारा उधळला. बाया रडल्या. मी पँट धरून हवेत झुलत होतो.

"नऊ ढेपा, भेली, अन् हा गावचा," लहानू गुरव बोटांवर मोजत मोठ्यानं म्हणाला. "आरं, हे तं शंभराला टेकलं की!"

वाजंत्री आपोआप बंद पडली. भामरे माझ्याकडे बघत होते. मॅडम बघत होत्या. बॅनरवरून मी स्वतः माझ्याकडे बघत होतो. खाली उतरून पळावं तर पाय जमिनीला लागत नव्हते.

"आई," मी वरूनच म्हणालो, "मी खोटं लिहिलं होतं. मी नव्वदच्या आत आलोच नाही. एक किलोसुद्धा कमी झालो नाही. थोडा वाढलोच."

सासूबाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "म्हंजी तुमचं बी ह्यांच्यावानीच?" मी मान हलवली. त्यांनी काखेतली पिशवी योगिनीच्या हातात दिली, "ऱ्हाऊ दे मंग," म्हणाल्या आणि त्या तापल्या फरशीवरून चालत घराकडे गेल्या. तेव्हा मला जी लाज वाटली तिच्यावर मला अजून विनोद सुचलेला नाही.

परतीच्या प्रवासात योगिनी सगळ्यात मागच्या सीटवर बसली, मी सगळ्यात पुढच्या. ग्रुप आता मला हाकलणार अशी माझी खात्री होती. पण मॅडमनी उभं राहून सांगितलं, "खरं बोलायला हिंमत लागते. सरांसाठी टाळ्या!" टाळ्या झाल्या. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

आठ दिवसांनी सासूबाई इंदिरानगरात येऊन दाखल झाल्या. "नवस मी बोललेय, तं फेडून घ्यायला मीच पायजे," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून जॉगिंग ट्रॅकवर पुढे अनवाणी सासूबाई आणि मागे महागाचे बूट घातलेला मी, अशी आमची वरात सुरू झाली. लोकांनी चौकशी केली. सासूबाईंनी सगळ्यांना सगळं सांगितलं. मग मला कळलं की धीर देणारा समाज म्हणजे काय असतो. वॉचमन रोज विचारी, "साहेब, किती झालं?" भाजीवाली बटाटे देईना. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्यानं तर चारचौघांत हात जोडले, "आधी आजीच्या पायात चप्पल घाला, मग या." कॅन्टीनमध्येसुद्धा बातमी पोचली होती. पाऊस सुरू झाला. सासूबाई चिखलातून चालत राहिल्या. एकदा त्यांच्या टाचेत काच गेली. ती मी स्वतः काढली आणि त्या दिवसापासून मला खरोखरच भूक लागेनाशी झाली.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी किराणा दुकानातल्या धान्याच्या काट्यावर मी सगळ्यांसमक्ष उभा राहिलो. दुकानदारानं चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "एकोणनव्वद किलो आठशे!"

काय आरडाओरडा झाला! भामऱ्यांनी मला मिठी मारली, मॅडम चक्क रडल्या. तुलेतला आमच्याकडे उरला होता तेवढा गूळ घेऊन योगिनीनं तिथल्या तिथे सगळ्यांच्या हातावर ठेवला. तुला आधीच झाली होती, देवी समजून घेईल, असं सासूबाईंनी जाहीर केलं. मी आदल्या दिवशीच नव्या चपला आणून ठेवल्या होत्या. त्या मी खाली बसून माझ्या हातांनी त्यांच्या पायांत घातल्या. सहा महिन्यांपूर्वी मला खाली बसता येत नव्हतं.

सासूबाई उभ्या राहिल्या. दोन पावलं पुढे गेल्या, दोन मागे आल्या. त्यांनी माझ्याकडे डोळे भरून पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग त्या वळून योगिनीला म्हणाल्या,

"चपलांचं खोकं टाकू नको गं, जपून ठेव. हे परत वाढले की चपला ठिवायला लागंल."