दामूचे जादा जीव

व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटमधल्या माणसाला नव्या सेटमध्ये राहायला जायचे असेल तर त्याच्याकडे तीनच जीव असावे लागतात. जास्त असतील तर ते त्याने आधी पंचांसमक्ष मरून संपवायचे असतात. हिरेवाडी नगरपालिकेच्या तिसऱ्या खिडकीवर, पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाखाली, हा नियम कितीतरी दिवस चिकटवलेला होता. सिंधू लोहारने तो कधी वाचला नव्हता. गरजच पडली नव्हती.

दामूकडे नव्याण्णव जीव होते.

दामू म्हणजे निळ्या बंडीतला, करंगळीएवढा माणूस. खांद्यावर घागर घेऊन तो शिड्या चढतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो, आठव्या मजल्यावरच्या हौदात घागर रिती करतो आणि पुन्हा तळाला येऊन उभा राहतो. हौद काही भरत नाही. सिंधू टॉकीजमागे पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ गेमचे पार्लर चालवायची तेव्हा तिच्याकडे चार टीव्ही होते, चाळीस कॅसेटी होत्या आणि शाळा बुडवून आलेल्या पोरांचा गराडा होता. पार्लर बसले, तीन टीव्ही गेले, कॅसेटी उंदरांनी आणि भाच्यांनी नेल्या. दामू तेवढा राहिला. रोज दुपारी जेवण झाले की सिंधू त्याला दोनदा वर नेऊन आणी.

जादा जीव होते ते डबीचे. सेट आणि कॅसेट यांच्यामध्ये बसवायची एक काळी डबी असते. ती चालू असली की माणूस खड्ड्यात पडला तरी जीव कमी होत नाही. पार्लरमध्ये ही डबी लावायला सिंधूची सक्त मनाई होती. चोरून लावणाऱ्याचा कान ती लाल करी. पण तिचा नवरा सहा दिवसांच्या तापात गेला त्या वर्षी तिने स्वतःच ती दामूला बसवली आणि पुन्हा काढली नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असे ती विचारणाऱ्याला सांगते. डबीत बॅटरी होती, त्यामुळे वीज गेली तरी दामू जिथे असेल तिथे उभा राही. अठ्ठावीस वर्षांत तो पडला पुष्कळदा, मेला एकदाही नाही.

आता सेट म्हातारा झाला होता. वीस मिनिटांत तापायचा आणि चित्राला मुंग्या यायच्या. दुरुस्तीवाल्याने तो उघडून आत वास घेतला आणि हा काही दिवाळी बघत नाही म्हणाला. नवा सेट आणि नवा टीव्ही पुतण्याने आणून दिला. दामूला त्यात हलवले नाही तर जुन्या सेटबरोबर तोही जाणार, हे उघड होते. सिंधू अर्ज घेऊन तिसऱ्या खिडकीवर गेली.

खिडकीमागे भडसावळे नावाचे कारकून होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"जादा जीव शहाण्णव. कसे मिळवले?"

"डबीने."

"म्हणजे कष्टाचे नाहीत."

"कष्टाचे असते तर ठेवू दिले असते का?"

भडसावळ्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले, "पण वाईट वाटलं असतं."

"मग डबीच नव्या सेटला लावते."

"नव्या सेटला डबीचं भोक नसतं, बाई."

"त्यात जतन करायची सोय आहे म्हणे. माणूस पडला की जिथं जतन केला तिथून पुन्हा उठतो."

"ती तिथं जन्मलेल्यांना. तुमच्या काळी ती सोय नव्हती, म्हणून तुमच्या माणसाला नाही." त्यांनी अर्जाला टाचणी लावली. "दोन पंच आणा. नात्यातले नकोत. रोज किती मरणं जमतील?"

सिंधूने वीस मिनिटांचा हिशेब केला. "बारा."

"आठ दिवस," भडसावळे म्हणाले. "उद्या मी सुरुवात करून द्यायला येतो."

घरी तिची नणंद काळिंदी शेंगा सोलत बसली होती. वय बहात्तर, बिनलग्नाची, जन्म याच घरात.

"नात्यातले नकोत म्हणजे मी नको," ती म्हणाली. "बरं झालं. मला या घरात कशाला कोणी विचारलंय आजवर."

"तुला मारायला बोलवायचं होतं का, वन्सं?"

"बोलवायला काय जातंय. आले नसते."

पंच म्हणून इस्त्रीवाला रऊफ आला आणि निवृत्त चित्रकला शिक्षक कुलथे सर आले. रऊफ लहानपणी सिंधूच्या पार्लरमध्ये पडीक असायचा. कुलथे सर त्याला तिथून कानाला धरून बाहेर काढायचे. दोघे एका सतरंजीवर बसले.

"तुमच्या शेडनं दोन पिढ्या नासवल्या, सिंधूबाई," सर म्हणाले.

"खरं आहे. कान धरून बाहेर काढताना तुम्ही मान वळवून पडद्याकडे बघायचात, सर. तेवढ्यानंच तुमची चित्रकला राहिली."

रऊफ खाली बघून हसला. भडसावळ्यांनी नोंदवही उघडली आणि अर्जदाराची संमती घ्यायची आहे म्हणाले. सिंधूने रिमोट उचलला, तेव्हा त्यांनी तो खाली ठेवायला लावला. संमती माणसाने स्वतः द्यावी लागते. मग त्यांनी पडद्यासमोर वाकून दामूला नियम वाचून दाखवला आणि विचारले, "मान्य आहे ना?"

सगळे वाट पाहत राहिले. दामू तळाला उभा होता. थोड्या वेळाने त्याने खांद्यावरची घागर जमिनीवर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून खाली बसला. इतक्या वर्षांत तो कधी बसला नव्हता. बसण्याचे बटणच नव्हते.

"त्याला नकोय," सिंधू म्हणाली.

भडसावळ्यांनी लिहिले, 'अर्जदार बसून हजर होते,' आणि पंचांच्या सह्या घेतल्या.

डबीवरची कळ खाली केली. सिंधूने दामूला उठवले, पहिली शिडी चढवली, दुसरी चढवली, आणि अंगठा थांबला. त्या अंगठ्याला ढकलायचे कसे ते माहीत नव्हते; तो खड्डा दिसला की आपोआप उडी मारायचा.

"काकी, तिसऱ्या शिडीपाशी जो खड्डा आहे ना, तिथं पटकन जातो," रऊफ हळूच म्हणाला. "आम्ही सगळे तिथंच जायचो."

तिने अंगठा बटणावरून उचलून पदरात गुंडाळला आणि दुसऱ्या हाताने दामूला पुढे चालवले. तो काठावरून गेला. उतरत्या सुरांची एक छोटी धून वाजली, घागर फुटल्याचा आवाज झाला, आणि कोपऱ्यातला नव्याण्णवचा आकडा अठ्ठ्याण्णव झाला. तो नीट वाचता येईना. इतकी वर्षे नव्याण्णव एकाच जागी राहिले होते की काचेत त्यांचा डाग पडला होता, आणि अठ्ठ्याण्णव त्या डागाखालून दिसत होते.

"एक," कुलथे सर म्हणाले आणि वहीत उभी रेघ मारली.

पहिल्या दिवशी बारा झाली. दुसऱ्या दिवशी बारा. तिसऱ्या दिवशी दामू काठावर अडू लागला. चालवले तरी पाय तिथल्या तिथे उचलायचा. सिंधू त्याच्याशी बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. "चल रे. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठीच चाललंय," ती म्हणाली. तो गेला. काळिंदी स्वयंपाकघरातून म्हणाली, "डॉक्टर माझ्या दादालाही हेच म्हणायचा." मग तिने त्या दिवशी न सांगता चहा केला.

सहाव्या दिवशी ऊन फार होते. सातव्या मरणाला कुलथे सरांची मान कलली, आणि आकड्यात एक कमी झाला तरी वहीत रेघ पडली नाही.

"हे धरता येणार नाही," सर जागे होऊन म्हणाले. "मी पाहिलं नाही."

"रऊफनं पाहिलंय."

"पंच दोन लागतात. एकानं पाहिलेलं मरण म्हणजे नुसती बातमी."

"सर, तो मेलाय. तुम्ही घोरत होतात म्हणून तो उठून बसतो का? आकडा बघा."

"आकड्यावर माझी सही नाही, बाई. वहीवर आहे." सरांनी चष्मा पुसला. त्यांना खरोखरच ओशाळल्यासारखे झाले होते, पण रेघ मारायला ते तयार नव्हते. "एक पुन्हा करा. एकानं काय होतंय."

सिंधूने एक पुन्हा केले.

सातव्या दिवशी तिला फारसे काही करावे लागले नाही. खेळ सुरू झाला की दामू आपण होऊन पहिली शिडी चढे, दुसरी चढे, तिसरीपाशी येई आणि खड्ड्यात उतरे. न धावता, न अडता.

"काकी, तुम्ही बटण दाबलं नाहीत," रऊफ म्हणाला.

"दाबलं."

"तुमचा हात मांडीवर होता."

"दाबलं म्हटलं ना, रऊफ." मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "तू इस्त्री तापत ठेवली असशील. झालं की लगेच जा."

आठव्या दिवशी वहीत शहाण्णव रेघा झाल्या आणि पडद्यावर दोन जीव उरले. सिंधू वही आणि कॅसेट घेऊन खिडकीवर गेली. भडसावळ्यांनी रेघा मोजल्या.

"नव्याण्णवातून शहाण्णव गेले. तीन. बरोबर आहे."

"पडद्यावर दोन आहेत. एक मरण सरांनी झोपेत घालवलं."

"मग ते झालेलं नाही."

"झालंय. म्हणून तर दोन आहेत. एक परत द्या."

"झालेलंच नाही तर परत काय देऊ?" भडसावळे समजुतीच्या सुरात म्हणाले. "आणि झालं असं धरलं तर तुमच्या माणसाकडे दोनच जीव आहेत. नियमात तीन लागतात. मग अर्जच बाद. तुम्हीच सांगा, काय लिहू?"

सिंधूने खिडकीचा गज धरला. मागे पाणीपट्टीवाले खोळंबले होते.

"तीन लिहा," ती म्हणाली.

भडसावळ्यांनी कॅसेट कपाटात टाकली, कुलूप लावले आणि शिक्का मारलेला कागद दिला. कागद नव्या सेटसमोर धरून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी माणूस आत असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दामू आत होता. नवा टीव्ही रुंद होता. दामूचे जग त्याच्या मधोमध उभे होते आणि दोन्ही बाजूंना काळोखाच्या पट्ट्या होत्या. चित्र इतके स्वच्छ होते की बंडीला एक खिसा आहे हे सिंधूला पहिल्यांदा कळले. कोपऱ्यात दोनचा आकडा होता, मागे कसलाही डाग नव्हता.

"बरा दिसतोय," काळिंदी म्हणाली. "थकलाय जरा."

सिंधूने चष्मा लावला. रिमोटवर बटणे फार होती. त्यातले उडीचे कुठले ते शोधायला ती वाकली. तेवढ्यात दामू निघाला होता. पहिली शिडी, दुसरी शिडी. तिने मान वर केली तेव्हा तो तिसरीपाशी पोचला होता. धून वाजली. नव्या टीव्हीत तिचा आवाज मोठा आणि गोड येत होता.

आकडा एक झाला. दामू पुन्हा तळाला उभा राहिला, घागर खांद्यावर घेतली आणि पाऊल उचलले.

सिंधूने हाताला येईल ते बटण दाबले. ते उडीचे निघाले. हवेत असलेल्या माणसाला चालता येत नाही. तो होता तिथेच वर गेला आणि तिथेच खाली आला. पाय टेकताच त्याने पुन्हा पाऊल उचलले. तिने पुन्हा दाबले.

"थांबवायचं बटण असेल ना त्यात," काळिंदी म्हणाली.

"कागदाच्या मागं वाच."

काळिंदीने कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. खेळ थांबवल्यास पाच मिनिटांनी सेट झोपतो, आणि जुन्या माणसाला झोपेतून उठवायला एक जीव लागतो. तिने कागदाची घडी केली.

"मग?"

"मग हेच." सिंधूने दाबले. "तू इथं ये. माझ्या डाव्या बाजूला बस. तो वर गेला की रिमोट घ्यायचा, आणि खाली यायच्या आत दाबायचं. फार लवकर दाबू नकोस, लागत नाही."

"मला नाही जमायचं, वहिनी. मी कधी हात लावलाय का त्याला."

"अठ्ठावीस वर्षं दारात उभी राहून बघतेस. जमतंय."

काळिंदी गुडघ्यावर हात टेकत सतरंजीवर बसली. दोन उड्या तिने नुसत्या पाहिल्या. तिसऱ्या उडीला रिमोट तिच्या हातात आला. तिने दोन्ही अंगठ्यांनी बटण दाबले. दामू वर गेला. सिंधूने हात झटकला. अंगठ्याची पेरे वळत नव्हती.

"रऊफ सहाला दुकान बंद करतो," ती म्हणाली. "त्याला विचारते. सरांनाही विचारते."

"सर झोपतात."

"हो. सरांना नको."

दामू खाली आला, वर गेला. काळिंदीचे ओठ प्रत्येक उडीबरोबर हलत होते. ती मोजत होती की काय ते कळत नव्हते.

"माझ्यानंतर रऊफ," काही वेळाने ती म्हणाली. "त्याच्यानंतर तुम्ही. तुमच्यानंतर परत मी. आणि आपल्या दोघींनंतर हो?"

"बटणाकडे बघ, वन्सं."

आत गॅसवरचा भात लागल्याचा वास येत होता. दोघींनाही तो आला. कोणी उठले नाही.