तात्यांना हाक मारणारी पेटी

आई-वडिलांनंतर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते शेलार गावच्या काशिनाथतात्यांचे. तुम्ही त्यांना नावाने ओळखत नसाल. पण शेलारच्या एखाद्या हळदीला गेला असाल, तर भरल्या ताटावरून उठून जाताना त्यांना नक्की पाहिलं असेल.

बँजो रंगात आलेला असतो, मटण नुकतंच वाढलेलं असतं आणि तेवढ्यात गल्लीत कुठेतरी रिक्षाचा भोंगा वाजतो. तात्या लगेच हात धुतात. "मला बोलावलंय," एवढंच बोलून घरी जातात, रक्तदाबाची गोळी घेतात आणि परत येऊन ताटावर बसतात. पॉवरलूमच्या खडखडाटात अर्धं आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. समोरच्याला तीनदा बोलावं लागतं. भोंगा मात्र बँजोतूनही ऐकू येतो.

हा भोंगा एका आईस्क्रीमच्या डब्याला जोडलेला आहे. डब्यात एक छोटा बोर्ड आहे. कॉम्प्युटरवर कोड लिहून असल्या बोर्डात भरला की बोर्ड दिवे लावतो, मोटर फिरवतो, भोंगा वाजवतो. तो डबा बनवला सुनंदाकाकींनी, तात्यांच्या बायकोने. काकी शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि मुलांसाठी हे बोर्ड घेऊन यायच्या. तेव्हा तात्या त्या बोर्डांना "तुझे किडे" म्हणत.

डब्यात एक खोट होती. भोंगा दिवसातून एकदाच, गोळीच्या वेळी वाजायला हवा होता. पण लाइट गेली आणि परत आली की बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा आणि सुरू होताच भोंगा द्यायचा. आमच्याकडे लाइट जाणं काही नवीन नाही. अवेळी भोंगा झाला की काकी ओट्यापासून ओरडायच्या, "अहो, बसा! ही लाइटची हाक हाय, माझी न्हाय!" पुढच्या सुट्टीत नीट करते, असंही म्हणायच्या. ती सुट्टी आली नाही. काकी गेल्या आणि त्याच पावसाळ्यात घरात पाणी शिरून त्यांचा कॉम्प्युटर गेला, त्यातले त्यांचे कोडही गेले. उरला फक्त डबा.

त्यानंतर तात्या स्वतः हे बोर्ड शिकले. त्यांच्या जमिनीवर गोदामं आहेत, भाडं येतं, काम काही नाही. त्यांच्या बरोबरीची माणसं बैल पळवतात, क्रिकेटचे सामने भरवतात. तात्यांनी गोदामावर एक खोली बांधली आणि ज्याचा कोड बोर्डात जात नाही त्याने यावं, असं गावभर सांगून ठेवलं.

मीही तसाच तिथे पोहोचलो. मी अंबाडीच्या पुढच्या पाड्यावरचा. आई-वडील मजुरी करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा कोड बोर्डात काही केल्या जाईना. स्क्रीनवर लाल अक्षरं यायची आणि मला वाटायचं, ती माझ्यासाठीच आहेत, की हे तुझं काम नव्हे, घरी जा.

तात्यांनी बोर्डाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"केबल कोनची हाय?"

"मोबाईलची, तात्या."

"ही मुकी हाय. करंट देते, बोलत न्हाय. आधी केबल बदल."

त्यांनी माझ्या केबलला एक गाठ मारली. मुक्या केबलला गाठ मारून खिडकीच्या गजावर टांगायची, ही त्यांची पद्धत. गजावर पडवळासारख्या केबली लोंबत होत्या. दुसरी केबल लावली, तरी लाल अक्षरं आलीच.

"पोर्ट कोनचा निवडलास? बोर्डाचं नाव बरोबर हाय? स्क्रीनवर दुसरी खिडकी उघडी हाय का? बंद कर. एकानं पोर्ट धरला की दुसऱ्याला बोलता येत न्हाय." मग ते खाली वाकले. "ह्या वायरी शून्य आनि एकच्या पिनेत कोनी खुपसल्या? ते त्याचं तोंड हाय रं बाबा! तोंडात कोंबून इचारतोस, बोलत का न्हाय?"

मी वायरी काढल्या. अपलोडच्या बटणावर बोट नेलं, तर त्यांनी मनगट धरलं.

"आत आधी काय हाय?"

"काही नाही. बाजारातून नवीनच आणलाय."

"इचारावं. नवीन गेलं की जुनं पुसलं जातं. मंग ते कुठं मिळत न्हाय."

कोड आत गेला. बोर्डावरचा दिवा लुकलुकला. तात्यांनी कोपऱ्यातला नारळ उचलून गोदामाच्या पायरीवर फोडला. कुणाचाही पहिला दिवा लागला की ते नारळ फोडत. खालचे हमाल खोबऱ्यासाठी हात पुढे करत म्हणाले, "तात्या, आज किसका पास हुआ?" माझा निकाल लागायचा होता, पण पास मी त्या दिवशीच झालो.

पुढे मी दर रविवारी त्या खोलीत जाऊ लागलो. डिग्री झाली, पुण्यात नोकरी ठरली. रुजू व्हायच्या आधीच्या आठवड्यात तात्या गोदामाच्या जिन्यावर चक्कर येऊन पडले. त्या दिवशी लाइट सारखी जात-येत होती. जितक्या वेळा भोंगा वाजला, तितक्या गोळ्या तात्यांनी घेतल्या होत्या. अवेळी हाकेला "बसा" म्हणणारं घरात कुणी नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल. त्यांची मुलगी वैशालीताई अकलोलीहून धावत आली. मला म्हणाली, "तू शिकलायस ना? मग ती पेटी नीट कर. न्हायतर मी नेऊन फेकते खाडीत."

मी नवा कोड लिहून नेला. ताईने डबा गोदामावरच्या खोलीत आणून ठेवला होता; तात्या खुर्चीत बसून होते. मी अपलोड केलं. लाल अक्षरं. केबल बदलली, पोर्ट पाहिला, बोर्डाचं नाव पाहिलं, शून्य-एक मोकळे केले. त्यांनी शिकवलेलं सगळं त्यांच्याच समोर केलं.

"न्हाय होत ना?" तात्या म्हणाले. "न्हायच व्हायचं."

दुसऱ्या कुणाचा बोर्ड असता, तर ते एव्हाना खुर्चीवरून उठून माझ्या डोक्यावर बसले असते.

मी बोर्ड उलटा केला. मागे कपॅसिटर नावाचा एक छोटा भाग डाग देऊन जोडला होता. नवा कोड घ्यायला कॉम्प्युटर बोर्डाला क्षणभर जागं करतो. हा कपॅसिटर त्याला जागंच होऊ देत नव्हता. तो जोवर तिथे आहे, तोवर आतलं कुणी पुसू शकत नाही. काकींनी डाग दिलेले बाकीचे सांधे मोहरीएवढे बारीक होते. या दोन सांध्यांवर मात्र हरभऱ्याएवढे गोळे होते. असे गोळे शेलारात एकच माणूस करतो.

तो काढणं सोपं होतं. मी तात्यांकडे पाहिलं. ते खिडकीतल्या केबली मोजल्यासारखं करत होते.

"ताई, बोर्ड खराब झालाय," मी म्हणालो. "नवीन काही घेत नाही. पण फेकू नका. मला महिनाभराचा वेळ द्या."

तात्या म्हणाले, "चा पिऊन जा."

वैशालीताई महिनाभर माहेरी राहिली आणि गोळ्यांचं पाकीट तिने स्वतःजवळ ठेवलं. मी पुण्याला गेलो. तिथून मी एक दुसरी पेटी पाठवली. तिच्यासोबतचं पत्र हे:

तीर्थस्वरूप तात्यांस,
साष्टांग नमस्कार.

सोबत एक पेटी पाठवत आहे. तिच्यात घड्याळ आहे आणि लाइट गेली तरी चालेल अशी बॅटरी आहे. काकींच्या डब्याची पिन भिंतीतून काढून या पेटीत लावा. ही पेटी रोज संध्याकाळी आठ वाजता डब्याला करंट देईल आणि थोड्या वेळाने बंद करेल. दिवसभरात पुन्हा देणार नाही. मी इथे बरेच दिवस लावून पाहिली आहे.

करंट आला की काकी हाक मारतात, ती खोट त्या पुढच्या सुट्टीत काढणार होत्या. ती राहिली म्हणूनच हे जमलं. यापुढे जी हाक येईल ती लाइटची नसेल, त्यांचीच असेल. उठून जात जा.

डब्याच्या आत मी हात घातलेला नाही. तुम्ही मागे लावलेलं जिथल्या तिथे आहे.

पेटी सुरू झाली की नारळ मात्र फोडा. माझ्या वाटणीचं खोबरं हमालांना द्या.

आपला,
प्रकाश

ता. क. केबल मुकी नाही. तपासून पाठवली आहे.