गवाक्षाची नवी आवृत्ती आणि सगुणा साळूचा नंबर

ह्या गोष्टीतला एक शब्द तरी खरा मानून दाखवा बघू. नाही जमायचं. मोठमोठ्यांना जमलं नाही, तुमची काय कथा. बसा नीट, आणि तोंडातली बोटं काढा.

एका जंगलात सगळ्यांकडे मोबाईल होते. वाघाकडे होता, तसा गोगलगाईकडेपण होता. पाणवठा मात्र एकच. म्हणून पाणी प्यायचं तर आधी मोबाईलवर नंबर लावायचा. पाणवठ्याचं एक पान होतं. त्यावर नाव दिसलं की दारावरचा बगळा आत सोडायचा. नाव नाही तर पाणी नाही, मग जीभ भुईला टेकली तरी.

आता ते पान उघडायचं कशातून? ब्राउझरमधून. जंगलातल्या ब्राउझरचं नाव होतं गवाक्ष. म्हणजे खिडकीच हो, पण बनवणारा गजाभाऊ वानर आपल्यापेक्षा दोन फांद्या जास्त शिकलेला.

चैत्रातल्या एका सकाळी गवाक्षाची नवी आवृत्ती आली. कुणी मागितली नव्हती, तरी आली. जुनी आपोआप पुसली गेली.

त्या जंगलाची एक रीत होती. नवी वस्तू आली की दुपारच्या आत तिच्यावर मत द्यायचं. दुपार उलटून मत देणाऱ्याला सगळे मागासलेला म्हणायचे. त्यामुळे वस्तू वापरून बघायला कुणाला सवडच व्हायची नाही.

विनूतात्या मुंगूस ह्या कामात पटाईत. त्यानं मोबाईल उलटा केला, सुलटा केला, जरा हुंगला आणि लिहिलं, 'पहिल्या नजरेतच जिंकलं. कडा गोल. निळा रंग डोळ्यांना गार वाटतो. पान तर डोळा लवायच्या आत उघडतं.'

उघडत होतं, ते खरं. पण एकच उघडत होतं. नव्या गवाक्षाचं स्वागताचं पान. त्यावर गवाक्षाची तारीफ आणि तारीफ करणाऱ्यांची नावं. सगळे तेच वाचत होते आणि त्यातच भर घालत होते. दुसरं पान उघडून बघावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आलं ते सगुणा साळूच्या. साळू म्हणजे ती अंगभर काट्यांची, मुळं उकरून खाणारी. तिची दोन पिल्लं, काटेसुद्धा अजून मऊ. कालचा त्यांचा नंबर हत्तींच्या घोळक्यामुळे हुकला होता. आज काही करून पाणी मिळायलाच हवं होतं.

तिनं पाणवठ्याचं पान उघडलं. स्वागत आलं. परत उघडलं. परत स्वागत.

ती विनूतात्याकडे गेली. "तात्या, पाण्याचं पान उघडत नाही हो."

"कडा बघितल्यास?"

"बघितल्या."

"गोल आहेत ना?"

"आहेत. पण पोरं तहानलीत माझी."

"सगुणे, तुझं सारखं रडगाणंच. सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. मला बघ, अजून दुसरं पान उघडायची गरजच पडली नाही."

तात्याच्या बिळातच पाण्याचा झिरा होता. ते काही तो बोलला नाही.

मग ती गजाभाऊच्या झाडाखाली गेली. गजाभाऊ वरूनच म्हणाला, "पान जुनं झालंय बाई तुमचं. नव्या गवाक्षात बसत नाही. आता पाणवठाच नवा करावा लागणार."

"आणि तोवर?"

"तोवर मत द्या."

सगुणानं दिलं. पाचातली एक चांदणी, आणि खाली लिहिलं, 'पाणी मिळत नाही.' गवाक्षानं तिचे आभार मानले आणि ते मत पुढच्या आवृत्तीसाठी ठेवून घेतलं.

शेवटी पिल्लांना घेऊन ती पाणवठ्यावर गेली. शांताराम बगळा एका पायावर उभा होता. आत बरेच जण पाणी पीत होते. विनूतात्याही होता, नुसता गुळण्या करत.

"शांतारामभाऊ, ह्यांचे नंबर कसे लागले?"

"पानावर नाव आहे त्यांचं." बगळ्यानं मोबाईल दाखवला. स्वागताचं पान. सगळ्यात वर विनूतात्या, पाच चांदण्या.

"अहो, हे पाण्याचं पान नव्हे. ही तारीफ करणाऱ्यांची नावं आहेत."

"पान कसलं ते बघणं माझ्याकडे नाही. नाव दिसलं की सोडायचं, एवढंच माझ्याकडे. तुमचं कुठाय?"

सगुणाचे काटे ताठ झाले. तेवढ्यात धाकट्यानं तिच्या पोटाला नाक लावलं. नाक कोरडं ठणठणीत.

तिनं काटे खाली बसवले. मोबाईल काढला आणि लिहिलं, 'नव्या गवाक्षानं आयुष्य बदललं. कडा इतक्या गोल, की बघूनच तहान भागते.' पाच चांदण्या. थोरल्याच्या नावानं लिहिलं, 'रंग आवडला.' धाकट्याच्या नावानं लिहिलं, 'मलापण.'

"हां, आता दिसलात," बगळा म्हणाला. "या."

तिघं पोट टम्म होईस्तो प्यायली.

काठावर एक कासव अजून बसलंय. ते खरं मत लिहितंय. चार दिवस झाले. भाषा फार सुंदर आहे म्हणतात.

तात्पर्य: वस्तू कशी आहे ते वापरायच्या आधीच सांगून टाकावं. आधी वापरून मग सांगणारे तहानेनं मरतात, आणि वर त्यांना मागासलेले म्हणतात.

झालं. आता माझ्या तोंडाकडे काय बघताय? चालते व्हा.