फॉग लाइटचा अधिकृत रंग

रंगांच्या दुकानात बावीस वर्षं रंग मिसळणाऱ्या एका गृहस्थांनी आपल्या गाडीचे पांढरे फॉग लाइट पिवळे करून घेतले. दुकानात त्यांना सगळे रंगमास्तर म्हणत. गिऱ्हाइकाने भिंतीचा टवका कागदात बांधून आणला, की मास्तर नुसतं बघून तोच रंग डब्यात उतरवून देत. त्यामुळे पिवळा म्हणजे काय, याबद्दल त्यांच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता.

दिवे बदलण्यामागे हौस नव्हती. मास्तरांची बायको तलावापलीकडच्या इस्पितळात नर्स होती आणि सकाळच्या पाळीला मास्तर तिला सोडायला जात. तलावाच्या रस्त्यावर धुकं असं दाटे, की पांढरा उजेड त्यावर आपटून उलटा डोळ्यांतच येई. एकदा दुधाची गाडी हातभर अंतरावर आली तेव्हा दिसली. त्या दिवशी बाईंनी इस्पितळात पोचल्यावर आधी स्वतःचा रक्तदाब मोजला. संध्याकाळी मास्तर गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिकने पिवळे बल्ब बसवले आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्याची कड दिसू लागली.

नियमात पांढरा आणि पिवळा, दोन्ही रंग चालत होते. फक्त बदल केल्यास तो तपासून नोंदवून घ्यावा, असं कलम होतं, आणि मास्तर कलमं पाळणारे होते. घोडं तिथेच पेंड खाणार होतं.

तपासणी कार्यालयाच्या आवारात साहेबांनी दिवे लावायला सांगितले. साहेब सज्जन होते. त्यांनी वाकून दोन्ही दिवे न्याहाळले आणि रकान्यात लिहिलं: 'पांढरा'.

"साहेब, पिवळा आहे," मास्तर नम्रपणे म्हणाले.

साहेबांनी अर्ज पाहिला. "अर्जात पिवळा, पाहणीत पांढरा. म्हणजे तफावत आली."

"दिवा पिवळाच आहे, साहेब. मी रंगांच्याच धंद्यात आहे."

"तुम्ही अर्जदार आहात. अर्जदाराचं म्हणणं पुरावा म्हणून धरता येत नाही. आपण त्रयस्थांना विचारू."

मास्तरांमागे सतराजण आपापल्या फायली घेऊन उन्हात उभे होते. प्रत्येक फाइलवर याच साहेबांची सही व्हायची होती. पहिल्याने आधी दिव्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या हातातल्या पेनाकडे. "पांढरा," तो म्हणाला. दुसरा म्हणाला, "पांढराच की." तिसऱ्याने दिव्याकडे न बघताच सांगितलं. बाराव्या क्रमांकावर चित्रकलेच्या एक शिक्षिका होत्या. त्यांनी जरा वेळ घेतला आणि 'पांढऱ्याकडे झुकणारा' असं मत नोंदवलं. सतरा साक्षी झाल्या. तफावत दूर होईपर्यंत गाडी आवारात जमा करण्यात आली.

पुढचे पाच दिवस बाई शेजाऱ्यांच्या गाडीतून कामाला गेल्या. शेजाऱ्यांचे दिवे निखालस पांढरे होते. पाचव्या दिवशी ती गाडी तलावाच्या कठड्याला घासली. बाई घरी आल्या त्या कपाळावर टेंगूळ घेऊन.

"अहो, अर्जात पांढरा लिहा आणि गाडी घेऊन या," त्या म्हणाल्या.

"अगं, पण तो पिवळा आहे."

"उजेड पिवळा पडतोय ना? मग कागदावर जांभळा का असेना."

मास्तर मानी होते. बावीस वर्षांत त्यांनी कुणाच्या गळ्यात फिका म्हणून गडद मारला नव्हता. शेवटचा प्रयत्न म्हणून ते कार्यालयात गेले, तेव्हा साहेबांच्या हाताखालचे, नुकतेच रजेवरून परतलेले एक कारकून त्यांना चहाला बाजूला घेऊन गेले.

"साहेबांना रंग कळत नाहीत," कारकून हळूच म्हणाले. "त्यांना वाईट वाटेल म्हणून आम्ही कुणी बोलत नाही. मी मागे उभा राहून खोकतो. पिवळ्याला एकदा, लालला दोनदा. ते बरोबर लिहितात. इतकी वर्षं कार्यालय असंच चाललंय."

"मग त्या दिवशी काय झालं?"

"त्या दिवशी मला खरंच खोकला झाला होता. रजा टाकली." कारकुनांनी चहा ढवळला. "तीन महिन्यांत साहेब निवृत्त होतायत. ही नोंद खोटी ठरली तर मागच्या सगळ्या उघडतील. भल्या माणसाची शोभा होईल. बघा बुवा, तुम्हीच ठरवा."

मास्तरांना बायकोचं टेंगूळ आठवलं, साहेबांचा सज्जन चेहरा आठवला. त्यांनी 'पांढरा' लिहून सही केली.

प्रकरण मिटलं असं त्यांना वाटलं. पण सतरा साक्षींनी सिद्ध झालेला दुसरा रंग कार्यालयाकडे नव्हता. म्हणून त्या दिव्याचा फोटो 'प्रमाण पांढरा' या मथळ्याखाली भिंतीवर लागला. कारकून पिवळ्याला खोकेनासे झाले. ज्यांचे दिवे खरोखर पांढरे होते, ते कारकुनांनी ताडून पाहिले तर फोटोशी जुळेनात, म्हणून नापास होऊ लागले. लोकांनी मुकाट्याने पिवळे बल्ब बसवले आणि पांढरे म्हणून पास झाले. मेकॅनिकने गॅरेजवर पाटी लावली: 'येथे दिवे सरकारमान्य पांढरे करून मिळतील.'

निवृत्तीनंतर आठवड्याभराने साहेब मास्तरांच्या दुकानात आले. घर रंगवायचं होतं.

"पांढरा हवाय, मास्तर. पण निवड तुम्हीच करा. मला रंग दिसत नाहीत."

डबा ढवळणारा मास्तरांचा हात थांबला.

"लहानपणापासूनच आहे ते," साहेब स्टुलावर बसत म्हणाले. "लपवण्यासारखं काय त्यात? नोकरीला लागताना लिहूनही दिलं होतं. वरून उत्तर आलं, शंका आल्यास त्रयस्थांना विचारावे. आमच्या कारकुनांना तोंडाने सांगायला संकोच वाटे, म्हणून ते खोकायचे. मीही म्हटलं, असू दे."

"मग माझ्या वेळी?"

"तुम्ही पिवळा म्हणालात तेव्हा मला वाटलं, आपलंच चुकलं असणार. म्हणून तर रांगेला विचारलं. एकाने जरी पिवळा म्हटलं असतं, तर तिथल्या तिथे खोडून दुरुस्त केलं असतं. पण सतराच्या सतरा पांढरा म्हणाले. एवढी माणसं खोटं कशाला बोलतील, मास्तर?"

मास्तरांनी पांढऱ्याचा नवा डबा उघडला, बराच वेळ आत पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "हा पांढराच आहे ना हो?"

ते गिऱ्हाईक मी होतो. त्या दिवशी रांगेत नववाही मीच होतो, आणि माझी फाइल दुपारच्या आत पास झाली. आता गालातल्या गालात हसू नका. तुमचा रांगेत कितवा नंबर होता, ते मी विचारलेलं नाही.